गोठ्यातले चेंडू

आमच्या गोठ्यात भिंतीवर एक टेलिफोन होता. मी साप पाहिले, वादळं पाहिली, सासरा पाहिला, पण त्या टेलिफोनइतकं मला कुणीच घाबरवलं नाही. त्याला आकडे नव्हते. त्यावरून कुणाला फोन लावता यायचा नाही, तो फक्त वाजायचा. त्याचा जोडीदार मैदानापलीकडे आमच्या मॅनेजरच्या, डॉन तुलिओच्या हाताशी होता. म्हाताऱ्याने तिकडे उचलला की इकडे घंटा, आणि घंटा झाली की बाकावर बसलेले आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागायचो.

गोठा म्हणजे बेसबॉलच्या राखीव पिचरांची, चेंडू टाकणाऱ्यांची, बसायची जागा. मैदानाच्या डाव्या कडेला, प्रेक्षकांच्या कठड्याखाली, वर पत्रा आणि पुढून सताड उघडी. एक लांब बाक, पाण्याचं पिंप, आणि चेंडू टाकून हात गरम करायला मातीचे दोन उंचवटे. बाहेर सामना रंगात आलेला असायचा आणि आम्ही दावणीला बांधल्यासारखे बसून. मैदानातला पिचर दमला की आमच्यातला एक सोडायचे. मी डावखुरा. समोर डावखुरा बॅटर आला की माझी आठवण व्हायची, तेवढा एक बाद केला की झालं माझं काम. बायको म्हणायची, तू जाऊन येतोस तोवर माझी भांडीसुद्धा घासून होत नाहीत. नाव माझं फाउस्तो, पण अख्खं बानी गाव मला डावऱ्याच म्हणायचं.

आता गोठ्यातला रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सामन्यात टाकलेला चेंडू न् चेंडू मोजला जातो. किती टाकले, आदल्या दिवशी किती टाकले होते, उद्या टाकू द्यायचे की नाही, याच्यावर लोक भांडतात. गोठ्यात टाकलेले चेंडू मात्र कुणी मोजत नाही. फोन आला की उठायचं, हात गरम करायचा. मैदानात बोलावलं नाही तर परत बसायचं. पुन्हा फोन आला की पुन्हा उठायचं. आणि संध्याकाळी कुणी विचारलंच तर सांगायचं, आज आराम होता. माझ्या आधीचे असंच सांगत आले, मीही तेच सांगत आलो, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या डोक्यातही कधी आलं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे नेल्फी होता. तेविशीतला पोरगा, उंच, सतत हसणारा. मिशीही फुटली नव्हती तेव्हा अमेरिकेतल्या एका संघाने त्याला उचलून नेला होता. तिथे त्याचं कोपर फाटलं. डॉक्टरांनी त्याच्याच मनगटातली शीर काढून कोपरात ओवली. वर्षभराहून जास्त काळ बिचाऱ्याने चेंडूला हात लावला नाही. डॉक्टरने त्याला तोंडावर सांगितलं होतं की पुन्हा फाटलं तर माझ्याकडे येऊ नकोस, घरी जा. कोपराच्या आतल्या बाजूला त्याची ती खूण होती, करंगळीएवढी लांब. बसल्या बसल्या तो तिच्यावरून अंगठा फिरवायचा, त्याला स्वतःलाही कळायचं नाही. आणि हे सगळं होऊनही त्याचा चेंडू असा यायचा की आमच्या कॅचरचा, योर्हीचा, तळवा रात्रभर ठणकायचा.

त्या अमेरिकेच्या संघाने त्याला हिवाळ्यात घरी खेळायची परवानगी दिली ती एका अटीवर. लागोपाठ दोन दिवस सामन्यात उतरवायचा नाही. रोज सकाळी त्यांचा माणूस फोन करून विचारायचा, काल टाकले का, किती टाकले.

आमच्या गोठ्याचा कोच होता बिएन्वे. नेल्फीचा सख्खा मामा. फोन तोच उचलायचा, कुणाला उठवायचं, कुणाला बसवायचं ते तोच बघायचा. त्याची बहीण एर्सिलिया, नेल्फीची आई, नवरा गेल्यापासून या पोराकडे बघूनच जगत होती. मोसम सुरू व्हायच्या आधी तिने भावाचा हात धरून मेरीमातेच्या तसबिरीवर ठेवला आणि म्हणाली, 'पोरगा अख्खा देतेय, अख्खा परत आण.' हे मला बिएन्वेनेच सांगितलं होतं, हसत हसत. पण त्या दिवसापासून फोन वाजला की त्याचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त उतरायचा.

मोकाच्या संघाशी सामना होता तो रविवार. जिंकलो तर अंतिम फेरी, हरलो तर आपापल्या घरी. दुपारचं ऊन, आणि मिठागरांकडून वारा असा की ओठ खारट लागत होते. नेल्फी शनिवारी खेळला होता, म्हणजे रविवारी त्याला सुट्टी. बिएन्वेने सकाळीच सगळ्यांच्या देखत डॉन तुलिओला विचारून घेतलं. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. नेल्फी आज मैदानात उतरणार नाही, शब्द दिला, म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नेल्फी तर चपला घालूनच बाकावर आडवा झाला आणि सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिला.

सातव्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो. फोन वाजला.

बिएन्वेने ऐकलं आणि हात लावून फोनचं तोंड झाकलं. मग नेल्फीला म्हणाला, बूट घाल. म्हाताऱ्याला तो नुसता उभा दिसायला हवा होता. नेल्फी हात गरम करताना दिसला की मोकाचा मॅनेजर धास्तावतो, आपले चांगले बॅटर राखून ठेवतो, असा त्याचा हिशेब. थोडक्यात, पोराला बुजगावणं म्हणून उभा करायचा होता. नेल्फीला त्यात गंमतच वाटली. तो उठला, योर्ही गुडघ्यावर बसला, आणि चेंडू सुरू झाले. आधी हळू, मग खरे. मोकाच्या मॅनेजरने खरंच आपला बदली बॅटर मागे बोलावला. इनिंग संपली, नेल्फी बसला, मी त्याला म्हटलं, 'वावरात उभा केला तर कावळेसुद्धा पळतील तुझ्याकडे बघून.' तो हसला आणि त्याने माझ्या अंगावर बियांची टरफलं उडवली.

आठव्या इनिंगला पुन्हा फोन. पुन्हा तेच.

या वेळी बिएन्वेने विरोध केला. आवाज चढवला नाही, तो चढवायचाच नाही, पण म्हणाला, 'डॉन तुलिओ, तुम्ही शब्द दिलाय.' पलीकडून म्हातारा इतका मोठ्याने बोलला की मला बाकावर ऐकू आलं. 'उतरवणार नाही म्हणालो. उठवणार नाही असं कधी म्हणालो? टाकू दे त्याला चार चेंडू, गोठ्यातच तर आहे.'

आणि बिएन्वेही हेच मानत होता.

नेल्फी उठला. त्याचा घाम सुकला होता, हात निवला होता, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला त्याने टॉवेल मागितला आणि बसल्यावर कोपराभोवती गुंडाळला. मूठ उघडत होता, मिटत होता. हसणं बंद झालं होतं. मी विचारलं, काय रे? वारा लागतोय, म्हणाला. वारा गरम होता. मी पाणी प्यायला उठलो.

नवव्या, शेवटच्या इनिंगला आमचा पिचर होता गुमेर्सिंदो, जाडा आणि जिवट. एका धावेची आघाडी अजून होती. पण मोकाचे दोन गडी बेसवर पोचले आणि बाद एकही नाही. प्रेक्षक कठड्यावर थाळ्या बडवायला लागले. मी मनात म्हणत होतो, वाजू नकोस, वाजू नकोस. तो वाजला.

बिएन्वेने उचलला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. या वेळी बुजगावणं नको होतं. म्हाताऱ्याला खरा नेल्फी हवा होता, मैदानात, आत्ता. शब्द वगैरे गेला खड्ड्यात, अंतिम फेरी दारात उभी होती. बिएन्वेने सरळ नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने त्याला तिथल्या तिथे घालवून दुसरा कोच पाठवला असता, आणि त्या दुसऱ्याने पोराला हाताला धरून मैदानात सोडलं असतं. नेल्फीला विचारायची तर सोयच नव्हती. त्या वयाचा पोरगा अशा वेळी मी नाही जात असं म्हणत नाही. तो टोपी हलवून धावतच सुटला असता.

आमच्यात पिचर तयार झाला की थांबतो आणि टोपी हलवतो. पलीकडे मॅनेजर पायरीवर उभा राहून तेच बघत असतो. चेंडू चालू आहेत तोवर पिचर तयार नाही, हे सगळ्यांना माहीत. बिएन्वेला त्या क्षणी तेवढीच एक वाट दिसली.

'अजून तयार नाही, डॉन तुलिओ,' तो म्हणाला. 'हात आखडलाय. चेंडूत दम नाही. अजून थोडे टाकू द्या.'

हे तो नेल्फीपासून हातभर अंतरावर म्हणाला. फोनची तार तेवढीच होती.

नेल्फी बूट बांधत होता. त्याने मान वर केली. मामा त्याच्याबद्दल असं काही बोलल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. तो उंचवट्यावर गेला. मलाही शेजारच्या उंचवट्यावर उभा केला होता, पुढे डावखुरा येणार होता म्हणून. बिएन्वे माझ्याजवळ आला, तोंड फिरवून पुटपुटला, 'तीन बाद झाले की सामना संपला. तेवढं ढकलायचंय मला. तोवर म्हाताऱ्याला तो टाकताना दिसत राहिला की झालं.'

मी म्हटलं, 'पण टाकतोय ना तो, कोच.'

'इथेच तर टाकतोय,' तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत मैदानाची भीती इतकी गच्च बसली होती की तीन पावलांवरचा पोरगा त्याला दिसत नव्हता. आणि मला माझा बॅटर दिसत होता.

गुमेर्सिंदोने एक बाद केला. फोन. झाला का तयार? अजून नाही. म्हातारा पलीकडच्या पायरीवर चढला, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत. बिएन्वे नेल्फीला म्हणाला, टाकत राहा, थांबू नको, हळूहळू टाक. आता हळू कोण टाकतो? ज्याला नुकतंच सांगितलंय की तुझ्या चेंडूत दम नाही, तो? नेल्फीने पाय उचलला आणि असा टाकला की योर्ही मागच्या मागे बसला. टाकून झाल्यावर त्याने मामाकडे बघितलं. 'आता?'

'अजून थोडा,' बिएन्वे म्हणाला. त्याच्याकडे न बघता म्हणाला.

त्यापेक्षा जोरात टाकला. 'मामा, आता बघ.'

'अजून थोडा, बाळा.'

योर्हीच्या चामडी पंज्याचा आवाज पत्र्याखाली घुमत होता. आयुष्यभर गोठ्यात बसलो, पण हात गरम करता करता कुणी इतक्या जिवावर उदार होऊन टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. चेंडू टाकल्यावर नेल्फीचा हात जरा उशिराने खाली यायला लागला होता. योर्हीने एकदा चेंडू परत न देता हातात धरून ठेवला आणि बिएन्वेकडे बघितलं. बिएन्वे मैदानाकडे बघत होता. गुमेर्सिंदोने दुसरा बाद केला, प्रेक्षक किंचाळले, आणि योर्हीने चेंडू परत दिला.

फोन वाजला. या वेळी माझ्यासाठी. मोकाचा डावखुरा उभा राहत होता. म्हातारा म्हणत होता, याला डावऱ्या घेईल, हा निसटला तर पुढच्याला नेल्फी, मग तयार असो नसो.

मी गोठ्यातून बाहेर पडलो. बिएन्वेने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं लागली. 'हा निसटू देऊ नको, फाउस्तो,' म्हणाला. 'मी तुझ्या पाया पडतो.' माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी धावत गेलो.

पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा त्याने कडेला मारला, वाया. चेंडू परत येईपर्यंत मी गोठ्याकडे बघितलं. नेल्फी टाकत होता. तिसराही बाहेर गेला, चौथाही. म्हातारा पायरीवर एक पाय वर ठेवून उभा. आणखी एक बाहेर गेला की बॅटर फुकटात बेसवर आणि नेल्फी मैदानात. मी पुन्हा गोठ्याकडे बघितलं, आणि नेल्फी थांबला होता. उंचवट्यावर आमच्याकडे पाठ करून उभा. टोपी हलवली नाही, पण थांबला होता. मला वाटलं, झालं, हा तयार झाला, आता म्हाताऱ्याने बघितलं की संपलं. आणि म्हाताऱ्याने बघितलंच. त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली.

मी डोळे मिटल्यासारखे करून चेंडू टाकला. त्याने उंच मारला, खूप उंच, आणि उजवीकडच्या आमच्या गड्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लोक कठडे ओलांडून येत होते, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. आणि त्या गर्दीतून बिएन्वे माझ्याकडे धावत आला, टोपी नाही, डोळ्यांतून पाणी. त्याने माझे गाल धरले. 'उतरला नाही रे,' तो म्हणत होता. 'पोरगा उतरला नाही.' मीही रडलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, माझ्या एका चेंडूने एका घराचं भलं झालं.

त्याला लोकांनी ओढून नेलं. मी माझं जाकीट आणायला गोठ्यात गेलो.

नेल्फी बाकावर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्याने कोपर धरलेलं. योर्ही त्याच्यापुढे मातीत बसला होता, पंजा अजून हातात तसाच. वरच्या पत्र्याला चेंडूएवढा नवा पोचा होता. शेवटचा चेंडू तिथे लागला होता. मी योर्हीला डोळ्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाला, त्याला कोपरातून आवाज ऐकू आला होता. चेंडू हातातून सुटायच्या आधी.

'मामाला आत्ता सांगू नका,' नेल्फी म्हणाला. 'किती खूश आहे तो.' कोपराच्या खुणेवरून अंगठा फिरवला. 'खरंच दम नव्हता का रे माझ्या चेंडूत? मला तर चांगले जातायत असं वाटत होतं.'

मी त्याच्याशेजारी बसलो. त्याचा मामा कशासाठी तसं म्हणत होता ते मला माहीत होतं. सांगितलं असतं तर ते ऐकणं त्याला कोपरापेक्षा जड गेलं असतं.

तेवढ्यात एर्सिलिया आली. कठड्याच्या दारातून, डोक्यावर टॉवेलची चुंबळ आणि त्यावर पातेलं. जिंकलो तर सगळ्यांना बकऱ्याचा रस्सा खाऊ घालीन असा तिचा नवस होता. ती घरी रेडिओ लावून बसली होती आणि शेवटचा बाद झाल्याबरोबर निघाली होती. तिच्यामागून बिएन्वे आला, त्याच्यामागून डॉन तुलिओ, दोघांच्या अंगावर कुणीतरी बिअर ओतलेली.

एर्सिलियाने पातेलं बाकावर ठेवलं आणि आधी भावाला मिठी मारली. रेडिओवाल्याने दोनदा सांगितलं होतं म्हणे, नेल्फीला आज आराम, नेल्फी आज एकही चेंडू टाकणार नाही. ऐकून तिने तिथेच गुडघे टेकले होते. डॉन तुलिओने लगेच पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. शब्द पाळला की नाही, म्हणाला, आणि आता पोरगा ताजातवाना आहे, मंगळवारी अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात उतरवतो. एर्सिलियाने त्याला देव भलं करो म्हटलं. बिएन्वे मान डोलवत होता. योर्ही उठून पिंपाकडे गेला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला.

तिने पहिली थाळी पोरासाठी वाढली. वर हिरव्या केळ्याचे तळलेले काप ठेवले, चमचा दिला. नेल्फीने डावा हात पुढे केला. थाळी गुडघ्यांवर ठेवली, डाव्याच हातात चमचा घेतला आणि खाऊ लागला. रस्सा सदऱ्यावर सांडला.

एर्सिलिया हसली. 'हे बघा, डावऱ्याच्या शेजारी बसून बसून माझं पोरगंही डावखुरं झालं.'

डॉन तुलिओ मोठ्याने हसला. मला हसता आलं नाही. मी बिएन्वेकडे बघत होतो. त्याची नजर चमच्यावरून नेल्फीच्या टॉवेलवर गेली, टॉवेलवरून पत्र्याच्या पोच्यावर, आणि तिथून उंचवट्यावर, जिथे नेल्फीच्या पायाने खोल खड्डा पडला होता. त्याने भिंतीला हात टेकला.

एर्सिलियाचं हसू अजून तोंडावरच होतं. तिने पोराकडे बघितलं, मग आमच्या एकेकाकडे.

'उजवा हात दाखव,' ती म्हणाली.

नेल्फीने हात उचलायचा प्रयत्न केला. तो मांडीवरून थोडा वर आला आणि परत पडला.

ती भावाकडे वळली. ओरडली नाही. खरंच समजत नसल्यासारखं विचारलं, 'पण आज तर त्याने एकही चेंडू टाकला नाही ना?'

भिंतीवर बिएन्वेचा हात फोनच्या शेजारीच होता.

'नाही,' तो म्हणाला. 'आज आराम होता त्याला.'